दिल्लीला जायचंय : ओझरहून की मुंबईहून?

नकाशा पाहिला तर नाशिककराला हा प्रश्न पडूच नये. ओझर, म्हणजे नाशिकचाच विमानतळ, ते दिल्ली हवाई अंतर साधारण १,००० किमी, मुंबई ते दिल्ली ११५०च्या आसपास. म्हणजे मुंबईहून उडायचं तर आधी दिल्लीकडे पाठ करून १६५-१७० किमी उलटं जायचं आणि मग जवळजवळ तेवढंच वरून परत यायचं. विमानात बसल्यावर हा फरक फारसा कळत नाही; दोन्हीकडून दोन-सव्वादोन तास धरा. खरा हिशोब जमिनीवरचा आहे.

मुंबईची बाजू तशी भक्कम. पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत दिल्लीची विमानं. एक हुकलं तर दुसरं. ओझरला ती चैन नाही. उड्डाणं मोजकी, त्यांच्या वेळाही उन्हाळी-हिवाळी वेळापत्रकात इकडच्या तिकडे होतात. जानेवारीत दिल्लीत धुकं पडलं की तिकडून येणारं विमानच अडकतं, मग आपण बसायचं ओझर विमानतळाच्या जानोरीतल्या टर्मिनलवर चहा पीत. (धावपट्टी लढाऊ विमानं बनवणाऱ्या एचएएलची. सुखोई दिसलं तरी मोबाईल खिशातच.)

तरी मी मुंबईहून उडणं सोडलं, ते वाटेतल्या घाटामुळे नाही. कसारा घाट उगाच बदनाम आहे. आता तर ५ जून २०२५ पासून समृद्धी महामार्ग इगतपुरीहून थेट आमण्यापर्यंत खुला झालाय, घाट बोगद्यातूनच पार होतो. पण समृद्धी आपल्याला सोडतो कुठे? भिवंडीच्या तोंडाशी! पुढे माणकोली, माजिवड्याची कोंडी आहेच. गेल्या पावसाळ्यात नाशिक ते आमणे पावणेदोन तासांत पोचलो आणि तिथून विमानतळाला अडीच तास लागले. त्याआधीच्या खेपेला हाच तुकडा सव्वा तासात झाला होता. त्यामुळे घरून किती वाजता निघायचं, यावर आमच्याकडे दर वेळी वाद. दुपारी एकच्या विमानाला मी म्हणायचो सात, बायको म्हणायची सहा. तिचं ऐकलं की विमानतळावर तीन तास बसा, माझं ऐकलं की कंटेनरच्या मागे घड्याळ बघत बसा. दोन तासांच्या उड्डाणासाठी हा सगळा खटाटोप.

नाशिकच्या द्वारका चौकातून ओझर मात्र अर्धा-पाऊण तास. आडगाव ओलांडलं की निम्मं काम झालं.

पुढे परदेशाचं विमान गाठायचं असेल, किंवा काम संपायची वेळच ठरलेली नसेल, तर मुंबईच बरी, असं मला वाटतं. तिकीटही तिकडून बऱ्याचदा स्वस्त दिसतं. फक्त त्यात नाशिकहून टॅक्सीचे पैसे मिळवून बघा. आणि परतीचं विमान रात्री दहानंतर मुंबईत उतरणार असेल, तर पेंगुळलेल्या ड्रायव्हरशी गप्पा मारत घरी यायची तयारी ठेवा.

मागच्या खेपेला दीड हजार जास्त मोजून मी ओझरचंच तिकीट काढलं. घरी नीट जेवून निघालो.