नमुना सुती, माल भलताच: बाळगोधडीच्या कापडातली फसवणूक

बारशाला द्यायच्या दहा गोधड्यांसाठी मागवलेल्या कापडात आणि भरावात 2,600 रुपये गेले. रक्कम फार मोठी नाही. पण फसवायची रीत अशी आहे की कापडातलं कळणारेही त्यात सापडतात, म्हणून सगळा हिशेब आकड्यांनिशी मांडत आहोत.

सोशल मीडियावरच्या एका पानावर जाहिरात होती: शुद्ध सुती, हातठशांची छपाई, 44 इंच पन्हा (कापडाची रुंदी), 120 जीएसएम (म्हणजे एका चौरस मीटरला 120 ग्रॅम), 95 रुपये मीटर. 20 मीटरचे 1,900 झाले. सोबत सुती भरावाचे कापून तयार दहा तुकडे, 70 रुपयांना एक, म्हणजे 700. भाव 40-50 रुपये असता तर लगेच शंका आली असती. 95 रुपये ऐकल्यावर घाऊक बाजारात एवढ्याला मिळत असेल असं वाटतं. घरपोच माल घेऊन मग पैसे द्यायची सोय नव्हती, सगळे आधी यूपीआयवर, आणि खातं दुकानाच्या नावाचं नसून कुणा व्यक्तीच्या नावाचं होतं. इथेच थांबायला हवं होतं. थांबलो नाही, कारण विक्रेत्याने न मागता कापडाचा नमुना पाठवला होता.

नमुना होता 4 × 4 इंचांचा. त्यातले धागे जाळून पाहिले, चौकोन भिजवून पाहिला, पांढऱ्या फडक्यावर घासून पाहिला. सगळ्यात पास. आता लक्षात येतं की तो तुकडा थानाच्या मधून कापलेला होता, त्याला किनार नव्हती. दोन्ही किनारी नसल्या की पन्हा कळत नाही, आणि आलेला माल त्याच थानातला आहे का हेही पडताळता येत नाही. नमुना वेगळ्या, चांगल्या कापडाचा होता. छपाई मात्र दोन्हींवर तीच, त्यामुळे डोळ्यांना फरक दिसला नाही.

आता मोजमाप. गोधडी तयार 40 × 36 इंच, कापायची 42 × 38. पन्हा 44 असेल तर दोन्ही किनारी सोडून 42 इंच आडवे बसतात आणि लांबीत 38 इंच, म्हणजे मीटरभर जातं. एका गोधडीला दोन बाजू, दहा गोधड्यांना 20 मीटर. हिशेब चोख होता. आलेलं कापड 40 इंच पन्ह्याचं होतं. मग 42 इंच आडवे बसेनात, तुकडा फिरवून लांबीत घ्यावा लागला, म्हणजे प्रत्येक बाजूला सुमारे 1.07 मीटर. त्यात कापड सलग नव्हतं, पाच तुकडे होते: 4.0, 3.8, 3.8, 3.4 आणि 3.3 मीटर. बेरीज 18.3. प्रत्येक तुकड्यातून तीनच बाजू निघतात, उरलेलं चिंध्यांत. पंधरा बाजू, म्हणजे सात गोधड्या आणि एक बाजू शिल्लक. पैसे दहांचे भरले होते.

18.3 मीटर हा आकडा जरा ओळखीचा वाटला ना? बरोबर 20 वार. तक्रार केल्यावर विक्रेत्याचं उत्तर तयार होतं: "ताई, आमच्याकडे 20 म्हणजे वार." जाहिरातीत मीटर लिहिलं होतं, आणि कायद्याने आपल्याकडे माल मेट्रिक मापातच विकायचा असतो. वार हा शब्द नऊवारी लुगड्यापुरता ठीक, बिलात नाही. जाहिरातीचा स्क्रीनशॉट जवळ नसता तर हा मुद्दा तिथेच गेला असता. त्या पानावरची जाहिरात दुसऱ्या दिवशी बदललेली होती.

वजनाची लबाडी याहून सोपी पकडता येते, आणि बहुतेकजण ती पकडतच नाहीत. 20 मीटर, 44 इंच पन्हा, 120 जीएसएम धरलं तर कापडाचं वजन सुमारे 2 किलो 680 ग्रॅम भरायला हवं. आलेलं भरलं 1 किलो 580. क्षेत्रफळाने भागलं की 85 जीएसएम. त्यासाठी बारीक काटाही लागत नाही, सगळं कापड स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून लांबी-रुंदीने भागायचं. एक लहान तुकडा तोलायचा असेल तर 10 × 10 सेंटीमीटर अचूक कापून सोनाराच्या काट्यावर ठेवा आणि ग्रॅमला 100 ने गुणा. शिवाय पार्सलवरच्या चिठ्ठीवर कुरिअरने वजन छापलेलं असतं. ती चिठ्ठी फाडून टाकू नका, तक्रारीत तोच तिसऱ्या माणसाचा पुरावा असतो.

आणि हे 85 सुद्धा खरं नव्हतं. कापड हाताला ताठ, भरदार लागत होतं ते खळीमुळे. दोन थर एकमेकांवर जोरात चोळले की पांढरी भुकटी काळ्या ओट्यावर पडते. घरातल्या जखमेच्या तपकिरी आयोडीनच्या औषधाचा एक थेंब कोपऱ्यावर टाकला तर स्टार्चची खळ निळी-काळी होते. कोपरा वाया जाईल तिथेच टाका, डाग राहू शकतो. कोमट पाण्यात साबण घालून दोनदा धुतल्यावर वजन 74 वर आलं आणि कापडामागे धरलेली बोटं दिसायला लागली. इतक्या विरळ कापडातून भरावाचे तंतू बाहेर डोकावतात, आणि बाळाच्या गोधडीत ते तोंडात जातात.

खरी गोम धाग्यात निघाली. जाळून पाहायची परीक्षा सगळ्यांना माहीत असते, पण बहुतेक जण काठावरचा एक धागा ओढून तोच जाळतात. उभे आणि आडवे धागे वेगवेगळे जाळायला हवेत. इथे उभे धागे सुती होते: भराभर जळले, कागद जळल्यासारखा वास, बोटांत चुरली जाणारी राखाडी राख. आडवे धागे ज्योतीपासून आक्रसले, वितळले, काळा धूर निघाला आणि टोकाला काळा टणक मणी उरला. पॉलिएस्टर. अशा कापडाला व्यापारात पीसी (पॉलिएस्टर-कॉटन) म्हणतात. ते विकायला काहीच हरकत नाही, पण "शुद्ध सुती" म्हणून विकायला आहे. "कॉटन फील", "कॉटन टच" हे शब्द दिसले की तिथे धाग्याचं प्रमाण टक्क्यांत लिहून मागा. जाळताना स्टीलच्या ताटलीवर, चिमट्यात धरून, शेजारी पाण्याचा तांब्या ठेवून. वितळलेला थेंब कातडीला चिकटतो.

रेयॉनही सुती म्हणून खपवतात, आणि तिथे जाळणं कामाचं नाही, कारण तोही कागदासारखाच जळतो. धागा ओला करून ओढा. सुती धागा ओला झाल्यावर कणखर होतो, रेयॉनचा पटकन तुटतो.

इस्त्रीनेही सूचना दिली होती, आम्ही ऐकली नाही. सुती कापडाच्या आकड्यावर इस्त्री फिरवल्यावर एका जागी चमक आली आणि कापड किंचित चिकटल्यासारखं ओढलं गेलं. ते ओलसर राहिलं असेल असं समजून पुढे गेलो.

खरं तर कोरं कापड धुतल्याशिवाय कापायचंच नाही, हे गोधडीचं पहिलं पाऊल. पण खळ असलेलं कापड कापायला, खुणा करायला फार सोपं जातं, घसरत नाही, म्हणून पुष्कळ जण तसंच कापतात. इथेही दोन गोधड्या तशाच शिवून झाल्या, मग धुतल्या. कोऱ्या सुताने पहिल्या धुण्यात 3 ते 5 टक्के आक्रसणं नेहमीचं आहे. इथे लांबीतले धागे सुती, रुंदीतले पॉलिएस्टर, म्हणून 40 ची बाजू 38 झाली आणि 36 ची 36 च राहिली. आतला भराव मुळीच आटला नाही. त्यामुळे आडव्या धावदोऱ्यांच्या मध्ये तो उशीसारखा फुगून आला आणि कडा लाटेसारख्या झाल्या. तळहाताने दाबून सपाट केली तरी हात उचलला की पुन्हा फुगायची. आणि तांबड्या फुलांचा रंग पांढऱ्या भागात पसरून कडेने गुलाबी धूर धरला.

रंग कच्चा आहे कळल्यावर घरोघरी एकच सल्ला मिळतो: मिठाच्या पाण्यात भिजवून ठेव. ज्याचा रंग कापडात पक्का बसलाच नाही, त्याला नंतर घातलेलं मीठ किंवा व्हिनेगर पक्का करत नाही. दोन-तीन धुण्यांत जादा रंग निघून गेला तर ठीक, पाणी रंगीतच येत राहिलं तर ते कापड बाळासाठी नाही. परीक्षा अशी: 5 × 5 सेंटीमीटरचा तुकडा आणि तेवढंच पांढरं सुती कापड एकत्र टाचून कोमट साबणाच्या पाण्यात अर्धा तास ठेवा, मग न पिळता वाळवा. हातठशांचा दावाही जाता जाता तपासून घ्या. हाताने ठसा मारताना दोन ठशांच्या जोडावर कुठे रेघ दुहेरी होते, कुठे केसभर फट राहते. इथे पाचही तुकड्यांवर एकाच फुलाच्या एकाच पाकळीवर एकच टिंब होतं. यंत्राची छपाई.

भरावाबद्दल थोडक्यात. सुती म्हणून आलेला भराव पुन्हा पिंजलेल्या तंतूंचा होता. पांढऱ्यात निळे-काळे धागे दिसत होते आणि दोन्ही हातांनी हलकेच ताणला की मधोमध सुटत होता. असा भराव दोन बोटांच्या अंतरावर टाके घातले तरच जागेवर राहतो, नाहीतर तिसऱ्या धुण्यात गाठी होतात. खरं सांगायचं तर बाळाच्या गोधडीला विकतचा भराव लागतच नाही. जुन्या सुती साडीचे किंवा धोतराचे तीन-चार थर घाला. ते आटायचे तेवढे आटून झालेले असतात, रंग जायचा तेवढा गेलेला असतो, आणि त्यात कुणी फसवू शकत नाही.

तक्रारीचं पुढे काय झालं ते असं. आधी "वार" सांगितले. मग "पार्सल उघडतानाचा व्हिडिओ दाखवा." तो होता. मग "कापलेलं कापड परत घेत नाही." इथे आमची बाजू कमकुवत होती, कारण दोन गोधड्यांचं कापड कापून झालं होतं. शेवटी पुढच्या ऑर्डरवर 200 रुपये सूट देऊ केली, आणि नकार दिल्यावर नंबर ब्लॉक.

त्यातून कळलेलं कायद्याचं उपयोगी. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार वर्णनाप्रमाणे नसलेला माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. "परत घेतलं जाणार नाही" ही पाटी अशा मालाला लागू नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915. तिथून काही झालं नाही तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, विक्रेता कुठल्याही गावचा असो, आणि मुदत दोन वर्षांची. पैसे घेऊन मालच पाठवला नाही, तर तो सायबर गुन्हा समजून ताबडतोब 1930 ला फोन करा, जितका लवकर तितकी रक्कम अडवली जायची शक्यता जास्त. आमच्या बाबतीत 1915 वर तक्रार नोंदली गेली, पण पानाचा मालक कोण, पत्ता कुठला, हे सापडलंच नाही. पार्सलवर पाठवणाऱ्याच्या जागी फक्त एक नाव आणि बंद फोन. विक्रेत्याचा पूर्ण पत्ता पैसे द्यायच्या आधी मागायचा असतो.

यापुढे कापड दुरून मागवायचं तर चार इंची चौकोन नको. पूर्ण पन्ह्याची, दोन्ही किनारींसकट, दोन इंच रुंद पट्टी मागा, पैसे देऊन मागा. तिच्यात पन्हा मोजता येतो, उभे-आडवे धागे काढता येतात, एका टोकाला धुऊन पाहता येते, आणि विक्रेत्याला ती पाठवायला जड जात नाही. ज्याला जड जाते त्याच्याकडून घेऊ नका. माल आल्यावर ती पट्टी थानाच्या किनारीला लावून एका सेंटीमीटरमधले धागे मोजा. फोनचा कॅमेरा पट्टीजवळ नेऊन फोटो मोठा केला की मोजता येतात. आमच्या नमुन्यात 28 होते, मालात 20. हे सगळं कात्री लावायच्या आधी, आणि मोजताना टेप व कापड एकाच फोटोत दिसेल असं.

उरलेल्या कापडाचं काय केलं, असं विचाराल. बाळाजवळ ते जाणार नाही. रंग निघून गेल्यावर त्याचं संक्रांतीच्या वाणाच्या बटव्यांना अस्तर लावलं, 8 × 6 इंचांच्या बटव्याला दोन तुकडे. अस्तराला न आटणारं कापड चालतं, फक्त इस्त्री कमी आकड्यावर.