माळ्यावरचा स्टिरिओ ॲम्प्लिफायर संगणकाच्या हेडफोनला जोडावा का?

निकाल आधीच सांगून टाकू. हेडफोन ३०० ओहमचे (ओहम हे विजेला होणाऱ्या अडथळ्याचे, म्हणजे इम्पीडन्सचे माप) असतील तर माळ्यावरचा जुना ॲम्प्लिफायर खुशाल खाली काढा, नवीन काही विकत घेण्याची गरज नाही. ३२ ओहमचे असतील, आणि बाजारातले बहुतेक तेवढ्याचेच असतात, तर किरकोळ किमतीचे दोन रेझिस्टर लावल्याशिवाय या खटाटोपात अर्थ नाही. ब्लूटूथवाल्यांनी पुढे वाचले नाही तरी चालेल.

परीक्षण कुठल्या एका मॉडेलचे नाही, एका जातीच्या यंत्राचे आहे: सत्तर-ऐंशीच्या दशकातला दोन चॅनलचा ॲम्प्लिफायर, मागे फोनो, ट्यूनर, ऑक्स, टेप अशी आरसीए सॉकेट (आवाजाच्या तारांची गोल भोके), पुढे ६.३५ मिमीचे हेडफोनचे भोक. पुण्यातल्या घरांत सोनोडाइन, कॉस्मिक, फिलिप्स, नाहीतर आखातातून आलेला सोनी, टेक्निक्स किंवा केनवुड अजून निघतो. जपान-अमेरिकेतून आलेला नग असेल तर मागच्या पाटीवरचा व्होल्टेज आधी वाचा. १०० किंवा ११०-१२० व्होल्टचे यंत्र आपल्या २३० वर लावले की ट्रान्सफॉर्मर गेलाच म्हणून समजा.

आता फुकटातली सुधारणा. हेडफोन कॅबिनेटच्या पुढच्या जॅकमध्ये असतील तर काढा. पुढच्या जॅकची वायर मदरबोर्डवरून, अनेकदा ग्राफिक्स कार्डाच्या अंगावरून जाते आणि माऊस हलवला की कानात किरकिर येते ती बहुधा तिथूनच. मागचा हिरवा जॅक वापरा. या एका बदलाने तक्रार मिटली तर ॲम्प्लिफायर माळ्यावरच राहू द्या.

जोडणी सोपी आहे. ३.५ मिमी स्टिरिओ पिन ते दोन आरसीए अशी दीड मीटरची केबल पुरते. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा पासोड्या विठोबाच्या आसपास कुठल्याही दुकानात मिळेल. सोन्याचा मुलामा सांगून तिप्पट पैसे मागितले तर हसून पुढच्या दुकानात जा. पिन हिरव्या जॅकमध्ये, आरसीए ऑक्स किंवा ट्यूनरमध्ये. फोनोमध्ये चुकूनही नको. तिथे रेकॉर्ड प्लेअरच्या दोन-अडीच मिलिव्होल्टसाठीची वाढ आणि बास फुगवणारे आरआयएए इक्वलायझेशन असते, संगणकाचा एक व्होल्ट तिथे घातला की नुसता फाटका, बदबदीत आवाज येतो. टेप मॉनिटरचे बटण बाहेर असू द्या, ते दाबलेले राहिले की काहीच ऐकू येत नाही आणि माणूस उगाच केबल बदलत बसतो. लाउडनेस बंद, बास-ट्रेबल मध्यावर, स्पीकरचा स्विच ऑफ. विंडोजमध्ये ऑडिओ एन्हान्समेंट बंद करा आणि रिअलटेकचा (संगणकातल्या साउंड चिपचा) पॅनेल ‘काय जोडलेत’ असे विचारेल तेव्हा लाइन आउट निवडा.

वर्षानुवर्षे बंद असलेले यंत्र थेट प्लगमध्ये घालू नका. बुधवार पेठेतला दुरुस्तीवाला करतो तेच करा: फेजच्या वायरीत ६० किंवा १०० वॉटचा जुन्या पद्धतीचा, तारेचा बल्ब सिरीजमध्ये लावा. एलईडी चालणार नाही. चालू करताच बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, पेटलेलाच राहिला तर आत काहीतरी शॉर्ट आहे. सिरीज बोर्ड घरी करायचा अनुभव नसेल तर यंत्र सरळ त्याच्याकडेच न्या.

त्यानंतर व्हॉल्यूम शून्यावर ठेवून पाच मिनिटांनी हेडफोन जॅकच्या टोकापासून बुडापर्यंतचे डीसी व्होल्टेज मोजा, मग रिंगपासून बुडापर्यंतचे (स्टिरिओ पिनचे टोक डाव्या कानाचे, मधली रिंग उजव्या, बूड ग्राउंड). ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर चिंता नाही. काहीशे मिलिव्होल्ट दिसले तर हेडफोन लावू नका. नॉब फिरवताना खरखर येते ती बहुतेक पावसाळी दमटपणाची आणि धुळीची देणगी. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा पॉटच्या (नॉबमागच्या फिरत्या रेझिस्टरच्या) फटीत मारून नॉब वीस-पंचवीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. प्लग काढूनच, हे वेगळे सांगायला नको. इनपुट सिलेक्टरलाही तोच उपचार.

आता मुद्द्याचे. या ॲम्प्लिफायरमध्ये हेडफोनसाठी वेगळे सर्किट सहसा नसतेच. स्पीकरला जाणारा आवाजच प्रत्येक चॅनलला एकेक मोठा रेझिस्टर घालून, साधारण २२० ते ४७० ओहमचा, जॅकवर आणलेला असतो. कारखान्याला तो स्वस्त पडला आणि हेडफोन जळण्यापासूनही वाचले. पण त्यामुळे जॅकचा आउटपुट इम्पीडन्स तेवढाच मोठा झाला, आणि खरी मेख तिथेच आहे.

हेडफोनचा इम्पीडन्स सगळ्या सुरांना सारखा नसतो. नावाला ३२ ओहमचा असलेला एखादा डायनॅमिक हेडफोन बासच्या रेझोनन्सपाशी ८० ओहमपर्यंत चढू शकतो. मागे ३३० ओहम असले की ३२ ला व्होल्टेजचा ३६२ पैकी ३२ एवढा वाटा मिळतो आणि ८० ला ४१० पैकी ८०. फरक जवळपास ७ डेसिबलचा. म्हणजे तबल्याचा डग्गा शेजारच्या खोलीतून आल्यासारखा घुमतो आणि लोक त्यालाच ‘जुन्या ॲम्प्लिफायरची ऊब’ म्हणतात. ऊब कसली, हिशेबातली गडबड आहे.

सेनहायझर एचडी ६०० किंवा ६५० सारख्या ३०० ओहमच्या हेडफोनला ही गडबड फारच कमी जाणवते. उलट जोर भरपूर मिळतो: ५० वॉटचा ॲम्प्लिफायर ८ ओहमला २० व्होल्ट देतो, तेच ३३० ओहममधून ३०० ओहमला सुमारे ३०० मिलिवॉट होतात. साध्या यूएसबी डोंगलला एवढे स्वप्नातही जमत नाही. प्लॅनर (पातळ, सपाट पडद्याच्या) हेडफोनचा इम्पीडन्स जवळजवळ सपाट असतो, त्यामुळे त्यांचा फक्त आवाज कमी होतो, सूर बिघडत नाही.

३२ ओहमवाल्यांसाठी उपाय असा. ६.३५ मिमीची एक स्टिरिओ पिन, एक स्टिरिओ सॉकेट, हातभर वायर आणि १० ओहम, अर्धा वॉटचे दोन रेझिस्टर घ्या. पिन आणि सॉकेट सरळ जोडा: टोक टोकाला, रिंग रिंगला, बूड बुडाला. मग एक रेझिस्टर टोक ते बूड आणि दुसरा रिंग ते बूड असा सोल्डर करा. आतला ३३० आणि बाहेरचा १० मिळून हेडफोनला मागे जेमतेम १० ओहम दिसतात, वरचा ७ डेसिबलचा फरक सव्वा डेसिबलवर येतो आणि डग्गा जागेवर बसतो. आवाज सुमारे १२ डेसिबलने खाली जातो, पण तो फायदाच आहे. ऑक्सला १५०-२०० मिलिव्होल्ट पुरतात, संगणक त्याच्या कितीतरी पट देतो, म्हणून नॉब घड्याळाच्या काट्याप्रमाणे आठ-नऊ वाजण्यापुढे नेता येत नाही. तिथे जुन्या पॉटचे डावे-उजवे जुळत नाही आणि गायिका एका कानाकडे सरकते. रेझिस्टर लावल्यावर नॉब बारापर्यंत जातो, डावे-उजवे जुळते आणि मागची सूंसूंही तेवढीच दबते.

हे करण्याआधी आत खरोखर मोठा रेझिस्टर आहे का, ते तपासा. संगणकावरून १०० हर्ट्झचा टोन लावा, रिकाम्या जॅकवर एसी व्होल्टेज नॉबने १ व्होल्टवर आणा, मग ३३ ओहमचा रेझिस्टर लावून परत मोजा. ०.०९ व्होल्ट उरले तर आउटपुट इम्पीडन्स ३३ गुणिले (१ भागिले ०.०९, वजा १), म्हणजे सुमारे ३३० ओहम. पिवळा स्वस्त मल्टिमीटर इथे उपयोगाचा नाही, त्याची सर्वांत खालची एसी रेंज २०० व्होल्टची असते. दोन-चार व्होल्टची एसी रेंज असलेला मीटर घ्या. उत्तर शंभराच्या खाली आले तर १० ओहम लावू नका. आत छोटा ऑप-ॲम्प (चिपमधला ॲम्प्लिफायर) असण्याची शक्यता आहे आणि तो एवढा भार पेलणार नाही. तसे असेल तर हेडफोन सरळ लावून ऐका.

स्पीकरच्या टर्मिनलला हेडफोन परस्पर जोडण्याचा मोह टाळा. हेडफोनचे डावे-उजवे एकाच ग्राउंडवर असते, काही ॲम्प्लिफायरमध्ये, विशेषतः ब्रिज पद्धतीच्या (स्पीकरच्या दोन्ही तारांना सिग्नल देणाऱ्या), स्पीकरची काळी तार ग्राउंड नसते. दोन्ही काळ्या एकत्र आल्या की आउटपुट स्टेज उडू शकतो.

हम, म्हणजे सतत घूं असा आवाज, येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा. थांबला तर तो ग्राउंड लूप आहे, म्हणजे दोन यंत्रांच्या ग्राउंडमधून फिरणारा नको असलेला प्रवाह. दोन्ही यंत्रे एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर आणा, ॲम्प्लिफायरला सेट टॉप बॉक्स जोडलेला असेल तर तो काढा. तरीही राहिला तर मध्ये ट्रान्सफॉर्मरवाला ग्राउंड लूप आयसोलेटर घाला. अर्थिंगची पिन कापायची नाही, कुणीही सुचवले तरी.

माइकवाल्या हेडसेटची चार कप्प्यांची पिन ॲडॅप्टरमधून लावली की कधी कधी गाण्यातला मधला गळाच गायब होतो, मागची वाद्ये तेवढी पोकळ ऐकू येतात. अशा वेळी पिनचा ग्राउंड सॉकेटला टेकलेला नसतो. चार कप्प्यांचे हेडफोन आणि माइक वेगळे करणारा स्प्लिटर वापरा. हेडफोनचा भाग ॲम्प्लिफायरला, माइकचा संगणकाच्या गुलाबी जॅकला.

घरात होम थिएटरचा रिसीव्हर असेल आणि संगणकाला ऑप्टिकल आउट असेल तर तीच तार वापरा. प्रकाशाने जाणाऱ्या सिग्नलला हम चिकटत नाही. रिसीव्हर स्टिरिओ किंवा डायरेक्ट मोडवर ठेवा.

फक्त कॅसेट डेक उरला असेल तर त्यावर हेडफोनचा जॅक आहे का बघा. टॅब न तोडलेली कॅसेट घालून रेकॉर्ड आणि पॉज दाबले की बहुतेक डेक लाइन इनचा आवाज हेडफोनला देतात. रेकॉर्डिंग लेव्हलचा नॉब तिथे हेडफोनचा व्हॉल्यूमही होतो, मीटरच्या सुया लाल पट्ट्यात जाऊ देऊ नका. कॅसेट मात्र पुसली गेली तरी चालेल अशी घ्या, पॉज चुकून सुटला की रेकॉर्डिंग सुरू होते.