इंडियन ऑइलचं विंटर ग्रेड डिझेल: हिवाळ्यात लडाखला गाडी नेणाऱ्यांसाठी

हिवाळ्यात डिझेलची गाडी घेऊन लडाखला जाणार असाल तर इंडियन ऑइलचं विंटर ग्रेड डिझेल भरा, आणि भरताना टाकी जवळपास रिकामी असू द्या. यातला पहिला भाग सगळे ऐकतात. दुसरा ऐकत नाहीत, म्हणून एवढं लिहितोय.

कोल्हापुरात उद्यमनगरला माझं डिझेल पंप आणि नोझल दुरुस्तीचं दुकान आहे. आकाशदर्शनाचं वेड जुनं. त्यापायी काश्मीरहून लडाखला नेणारा झोजिला घाट उघडा मिळाला की डिसेंबरच्या तोंडाशी बोलेरो घेऊन लडाखमधलं हानले गाठतो. तिथं रात्री आकाश जसं दिसतं तसं मी दुसरीकडं कुठं पाहिलेलं नाही, पण गाडीच्या दृष्टीनं ती रात्र फार वाईट असते.

डिझेलमध्ये मेण असतं, पॅराफिन. ते काही भेसळ नव्हे. त्याच्यामुळंच डिझेल चांगलं पेट घेतं. थंडीत खोबरेल जसं थिजतं तसं हे मेण थिजायला लागतं. आधी डिझेल गढूळ दिसतं, मग मेणाचे कण फिल्टरमध्ये अडकतात, आणि सगळ्यात शेवटी डिझेल वाहायचं थांबतं. गाडी बंद पडते ती बहुतेक वेळा मधल्या पायरीवर. टाकीतलं डिझेल हलवलं तर अजून हलतं, पण फिल्टर चोक झालेला असतो. खूण सोपी आहे: सकाळी गाडी सुरू होते, पाइपात आणि फिल्टरच्या पुढं उरलेल्या डिझेलवर थोडी चालते आणि गुदमरून बंद पडते. लोक बॅटरीला दोष देत बसतात.

आपल्याकडच्या डिझेलला भारतीय मानकाची अट अशी, की हिवाळ्यात ते ६ अंश सेल्सिअसपर्यंत फिल्टरमधून गेलं पाहिजे, उन्हाळ्यात १८. कोल्हापूरला हे पुरून उरतं. लडाखमधल्या द्रासला हिवाळ्यातल्या रात्री ते कुठं पुरणार?

हे खास डिझेल नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी आलं. पानिपतच्या रिफायनरीत बनतं, बीएस-६ (गाड्यांच्या धुराबाबतचे सरकारी नियम) दर्जाचं आहे आणि त्याचा पोअर पॉइंट उणे ३३ अंश आहे. हा आकडा नीट समजून घ्या. पोअर पॉइंट म्हणजे ज्या तापमानापर्यंत डिझेल वाहतं ते. फिल्टरची अडचण कुठल्याही डिझेलमध्ये त्याच्या आधी सुरू होते. त्यामुळं उणे ३३ ऐकून उणे ३० मध्ये गाडी रात्रभर उघड्यावर निर्धास्त सोडू नका.

मी मात्र ऐकीव गोष्टीवर विसंबत नाही. काचेच्या दोन बाटल्या नेल्या होत्या. एकीत पंजाबात भरलेलं साधं डिझेल, दुसरीत लेहच्या पंपावरचं. हानलेला मुक्कामाच्या घराबाहेर कठड्यावर रात्रभर ठेवल्या. पारा उणे वीसच्या आसपास होता. सकाळी साध्या डिझेलची बाटली आडवी केली तर आतलं पांढरट, घट्ट डिझेल जागचं हललं नाही. लेहचं डिझेल सरळ या टोकाचं त्या टोकाला गेलं. ते बघून मला मनापासून आनंद झाला. आपल्या देशातल्या रिफायनरीत हे बनतं आणि पंपावर मिळतं, याचं कौतुक वाटतं. बोलेरो हीटर प्लगला थोडा जास्त वेळ दिल्यावर सुरू झाली, सुरुवातीला पांढरा धूर टाकला आणि मग नीट चालली.

आता टाकीचं. खालून अर्धी टाकी साधं डिझेल घेऊन आलात आणि वर हे भरलंत, तर साध्यातलं मेण कुठं जात नाही, टाकीतच राहतं. म्हणून कारगिलहून निघताना लेहपर्यंत पुरेल, वर थोडं गाठीला राहील, एवढंच ठेवतो. लेहला पोचल्यावर फुल करतो आणि गावात थोडी गाडी फिरवतो. पाइप आणि फिल्टरमध्येही नवीन डिझेल यायला हवं ना. फिल्टर निघण्याआधी नवा टाकलेला असावा, त्यातलं पाणी काढलेलं असावं. पाणी तर शून्यालाच गोठतं. भरण्याआधी पंपावर स्पष्ट विचारा, हे विंटर ग्रेडच आहे ना? हानले लेहपासून अडीचशे किलोमीटरच्या आसपास आहे, तिथं पोचून शंका आली तर काही उपयोग नाही.

रॉकेल मिसळायचा सल्ला वाटेत हमखास मिळतो. जुन्या पंपांच्या गाड्यांनी तो खपवून घेतला असेल. कॉमन रेल गाडीत, म्हणजे ज्यात एकाच जास्त दाबाच्या नळीतून सगळ्या नोझलना डिझेल जातं अशा हल्लीच्या गाडीत, अजिबात करू नका. त्या पंपाला वंगण डिझेलचंच असतं आणि रॉकेलात ते कमी पडतं. असे घासून गेलेले पंप माझ्या टेबलावर येतात आणि खर्चाचा आकडा ऐकून माणसं खाली बसतात. शिवाय बीएस-६ गाडीत रॉकेलमधलं गंधक धुराच्या यंत्रणेची वाट लावतं. टाकीखाली जाळ करणारेही पाहिलेत. हात जोडून सांगतो, नको. थिजलंच तर गाडी उन्हात घ्या, फिल्टरभोवती गरम पाण्यात पिळलेलं फडकं गुंडाळा, नाहीतर फिल्टर बदला आणि हातपंप मारून हवा काढा.

बाटलीतून मिळणारी अँटी-जेल औषधं मेणाचे कण मोठे होऊ देत नाहीत, पण ती थंडी पडायच्या आधी टाकावी लागतात. झालेलं मेण त्यांनी वितळत नाही. लेहचं डिझेल मिळत असेल तर मी त्यांच्या मागं लागत नाही.

बीएस-६ वाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट: तुमच्या गाडीत धूर स्वच्छ करणाऱ्या युरियाच्या द्रावणाची टाकी असेल तर ते द्रावण उणे ११ ला गोठतं. त्यानं घाबरू नका, गाडीत ते वितळवायची सोय असते. टाकी मात्र काठोकाठ भरू नका, गोठताना ते फुगतं. परत येताना उरलेलं विंटर डिझेल खाली बिनधास्त वापरा, इंजिनाला त्याचा काही त्रास नाही.