गुलाबी आणि निळं व्हर्च्युअल पेट : पावसाळाभर वापरल्यानंतरचा अनुभव

गुलाबीचं मधलं बटन दाबलं ते आतच गेलं, वर आलंच नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

पुण्यात तुळशीबागेत घेतलेली दोन. अंड्याच्या आकाराची, तीन बटनं, कंपनीचं नाव कुठेच छापलेलं नाही. छोट्या स्क्रीनवर एक प्राणी असतो, बटनं दाबून त्याला खायला घालायचं, त्याची शी काढायची, लक्ष दिलं नाही तर तो मरतो. लेक तिसरीत आहे, तिच्यासाठी ३५० चं गुलाबी आणि भाच्यासाठी ३२० चं निळं. रंग कुणी विचारलाच नाही, मुलगी म्हटल्यावर गुलाबी पुढे आलं आणि मुलगा म्हटल्यावर निळं. तीस रुपये जास्त कशाचे विचारलं तर "पिंकला डिमांड आहे ताई". घेतलं, पण ते तीस रुपये डोक्यात राहिले.

आधी चांगलं सांगते. स्क्रीन साधी काळी-करडी, उन्हातही स्पष्ट दिसते. सेल बरेच टिकतात. मोबाईल मागायचं प्रमाण खरंच कमी झालं, आणि मला तरी तेवढ्यासाठी पैसे वसूल वाटले.

आता आवाज. गुलाबी सारखं पीं पीं करतं, जेवताना, अभ्यास करताना, दुपारी सासूबाईंचा जरा डोळा लागला की नेमकं तेव्हा. आणि लेक प्रत्येक वेळी ताटावरून उठायची कारण आतल्या पत्रकात तसंच लिहिलंय, बाळ रडलं की लगेच धावा, चांगली आई बाळाला थांबवून ठेवत नाही. आठ वर्षांच्या मुलीला! गणिताची वही उघडी टाकून ती पळायची आणि परत आली की उदाहरण पहिल्यापासून. मी रागावले तर म्हणाली, "आई, पण ते रडतंय ना". यावर मला खरंच काही बोलता आलं नाही. भाचा आला की त्याचं निळं मात्र गप्प. मला वाटलं निळ्याला आवाज बंद करायची सोय दिलीय, गुलाबीत दिलेलीच नाही, आणि शाळेच्या ग्रुपवर तसं सांगूनही टाकलं की गुलाबी घेऊ नका, माल हलका आहे.

मग बटन गेलं. दुकानात गेले तर "खेळण्याला वॉरंटी नसते, नवीन घ्या". बटन खिळखिळं आहे हे तर त्यांनी हातात घेऊन पाहिलंसुद्धा नाही. ३५० रुपये काय झाडाला लागतात? तशीच तपकीर गल्लीत, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुकानांच्या गल्लीत गेले, भाचा बरोबर होता म्हणून त्याचं निळंही दाखवलं. तिथल्या काकांनी दोन्ही उघडून शेजारी शेजारी ठेवली. बोर्ड तोच, बोर्डावरचा नंबर तोच, बटनांखालचं रबर तेच, स्पीकर तोच, फरक फक्त वरच्या प्लास्टिकचा. रबर सरकलं होतं ते पुसून बसवलं, ४० रुपये घेतले. आणि चालतंय का बघताना त्यांनी कडेची दोन्ही बटनं एकदम दाबली तर गुलाबीचा आवाज बंद!

म्हणजे सोय दोन्हीत आहे. घरी येऊन दोन्ही पत्रकं समोरासमोर ठेवली. निळ्याच्या पत्रकात पहिल्याच पानावर चित्रासकट दाखवलंय की आवाज नको असेल तर पहिलं आणि तिसरं बटन एकदम दाबा. गुलाबीच्या पत्रकात ती ओळच नाही, त्या जागी दुधाच्या बाटलीचं चित्र. तेव्हा माल हलका वगैरे मी मागे घेतलं, ग्रुपवरही लिहिलं. मशीनमध्ये खोट नाही. पण मुलीला ते बंद करता येतं हे तिला सांगायचंच नाही असं कुणीतरी बसून ठरवलं असणार, छपाईत चुकून राहिलं म्हणावं तर बाटली काढायला जागा बरी सापडली.

यातलं मूळ खेळणं म्हणजे तामागोची, बांदाई कंपनीने १९९६ च्या नोव्हेंबरमध्ये जपानात आणलं, ते मुख्यतः तिथल्या शाळा-कॉलेजातल्या मुलींसाठी. त्यातला प्राणी दुसऱ्या ग्रहावरून आलेला, आणि आवाज बंद करायची पद्धत त्यातही हीच, कडेची दोन बटनं. पुढच्याच वर्षी, १९९७ मध्ये, त्याच कंपनीने मुलग्यांसाठी डिजिमॉन काढलं, दोन खेळणी एकमेकांना जोडून लढाई लावायची. पण लढाईच्या आधी काय करायचं? मांस खायला घालायचं, शी साफ करायची, आजारी पडला की औषध, झोपला की दिवा बंद. हेळसांड झाली तर चांगला योद्धा होण्याऐवजी नुमेमॉन नावाचा गोगलगायीसारखा प्राणी हाती येतो. म्हणजे काम जवळपास तेच, मुलांच्या खोक्यावर त्याला ट्रेनिंग म्हणायचं एवढंच. त्याच १९९७ मध्ये तामागोची करणाऱ्या अकी माइता आणि अकिहिरो योकोइ यांना अर्थशास्त्राचं इग नोबेल, म्हणजे नोबेलची नक्कल करणारं गमतीचं बक्षीस मिळालं, माणसांचे लाखो तास आभासी प्राणी पाळण्यात वळवले म्हणून. तास मोजले गेले हे चांगलंच झालं, घरात ते कुणी मोजत नाही.

भाच्याचं सांगायचं राहिलं. त्याच्या खोक्यावर विजा आणि नखं आहेत, पण पोरगा झोपायच्या आधी न चुकता त्यातला दिवा बंद करतो, शी दिसली की लगेच काढतो, आणि लेकीपेक्षा त्याचा प्राणी जास्त जगतो. वहिनी म्हणते इतकं नीट तर तो स्वतःचं दप्तरही आवरत नाही. त्याला हे छान जमतं, पण शाबासकी मिळेल असं एक वाक्य त्याच्या पत्रकात नाही, सगळी शाबासकी जिंकण्याला.

लेकीला दोन बटनांचं दाखवलं तेव्हा तिने आधी विचारलं की बंद केल्यावर ते मरणार नाही ना. नाही मरत. आता अभ्यासाला बसताना ती आवाज बंद करते, उठल्यावर बघते, खायला घालते. प्राणी ठणठणीत आहे.

घ्यायचंच असेल तर निळं घ्या, तीस रुपये वाचतात आणि पत्रकही पूर्ण मिळतं, मग ते मुलीला द्या नाहीतर मुलाला. गुलाबी आधीच घरात असेल तर पहिलं आणि तिसरं बटन एकदम दाबा. मधलं बटन अडकलं तर दुकानदाराशी वाद घालण्यात वेळ घालवू नका, तपकीर गल्लीत ४० रुपयांत होतं.