आरडीचं पासबुक एजंटकडे ठेवू नका

धुणीभांडी करणाऱ्या, भाजी विकणाऱ्या बायकांसाठी पोस्टाची आरडी, म्हणजे पाच वर्षं दरमहा ठरलेला हप्ता भरायची बचत, आजही चांगलीच योजना आहे. महिन्याला १०० रुपयांपासून सुरू होते, ऑक्टोबर २०२३ पासून व्याज ६.७ टक्के आहे. दरमहा १,००० भरले तर पाच वर्षांनी सुमारे ७१,३६६ रुपये मिळतात. फसवणूक होते ती पैसे पोस्टाच्या खिडकीपर्यंत पोचायच्या आधी.

घरोघरी हप्ते गोळा करून पोस्टात भरणारी एजंट बहुधा गल्लीतलीच, ओळखीची असते. पहिले सहा-आठ महिने हप्ता वेळेवर भरते, पासबुकावर नोंद करून आणून दाखवते. विश्वास बसला की ‘लिस्ट (पोस्टात द्यायची हप्त्यांची यादी) करायला लागतं’ म्हणून पासबुक स्वतःकडेच ठेवते. मग घरी पैसे घेते, तुमच्याकडच्या हप्त्याच्या कार्डावर सही करते, पण पोस्टात भरणा करत नाही. एकीच्या हप्त्यातून दुसरीची मुदत संपलेली रक्कम भागवते. पासबुक मागितलं की उत्तर ठरलेलं: सर्व्हर बंद होता, पुढच्या महिन्यात आणते. चार हप्ते थकले की खातं खंडित होतं, आणि दोन महिन्यांत सुरू केलं नाही तर पुढे भरताही येत नाही. बाईला हे कळतं पाच वर्षांनी, पोरीच्या लग्नासाठी पैसे काढायला गेल्यावर.

कोऱ्या फॉर्मवरची सही तर याहून घातक. बारा हप्ते भरले की जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळतं, तीन वर्षांनी खातं मुदतीआधी बंद करता येतं. सही केलेला कोरा फॉर्म हाती असला की एजंटला यातलं काहीही तुमच्या नावावर करायचा प्रयत्न करता येतो. अंगठा लावणाऱ्या बायकांनी तर फॉर्म कुणाकडून तरी वाचून घेतल्याशिवाय हात पुढे करू नये.

एजंटच्या कार्डावरची सही म्हणजे तिला पैसे दिल्याचा पुरावा. ते पोस्टात जमा झाले का, हे पासबुकच सांगतं. तिथे तारीख, हप्ता, शिल्लक आणि पोस्टाचा तारखेचा शिक्का बघा. नुसत्या पेनाने लिहिलेल्या आकड्यावर विसंबू नका. तीन महिन्यांतून एकदा तरी स्वतः खिडकीवर जाऊन शिल्लक विचारा. खात्याला स्वतःचाच मोबाइल नंबर जोडा. पुष्कळदा तिथे एजंटचा नंबर असतो आणि मेसेज तिलाच जातात. मुदत संपल्यावर रक्कम स्वतःच्या बचत खात्यात घ्या; पोस्टात ते ५०० रुपयांत उघडतं. एजंटला कमिशन सरकार देतं, तुमच्याकडून वरचे दहा-वीस रुपये घेण्याचा तिला हक्क नाही.

घोळ दिसला तर आधी पोस्टातून खात्याचा उतारा घ्या आणि कार्डावरच्या तारखांशी ताडून बघा. पोस्टमास्तरांना लेखी अर्ज द्या, पोच घ्या, मग पोलीस ठाण्यात जा. या टप्प्यावर एजंट घरी येते, रडते, हप्त्याहप्त्याने परत देते म्हणते आणि जुनं कार्ड मागते. अर्जाला झेरॉक्स जोडा. मूळ कार्ड कुणाच्याही हाती देऊ नका.