लेझरने भाजलेलं प्लास्टिक: केबीआरची गोळी की एटीआर?

लेझरच्या उष्णतेने प्लास्टिक किती बिघडलं हे एफटीआयआरवर (नमुना अवरक्त किरण कुठे शोषतो ते आलेखावर पट्ट्यांनी दाखवणारं यंत्र) बघायचं आणि दोन्ही सोयी हाताशी आहेत (नमुना केबीआर, म्हणजे पोटॅशियम ब्रोमाइड, या मिठात कुटून गोळी दाबणं, किंवा एटीआर, म्हणजे न कुटता थेट स्फटिकावर दाबून मोजणं), तर नमुना कसा ठेवावा यावर पुढचं सगळं ठरतं.

गोळीची रीत जुनी आणि भरवशाची. १-२ मिलिग्रॅम नमुना, २०० मिलिग्रॅम केबीआर, १३ मिमीची डाय (साचा), ८-१० टन दाब. आपल्याकडच्या कोरड्या मे महिन्यात गोळी काचेसारखी निघते. पण ठिबकच्या नळीचं पॉलिथिलीन खलात कुटलं जात नाही, चपटं होतं. त्याला द्रवरूप नायट्रोजनने गोठवावं लागतं (गुरांच्या दवाखान्यात कृत्रिम रेतनासाठी तो ठेवतात, तिथे विचारून बघावं). शिवाय कुटताना वरचा भाजलेला पातळ थर आतल्या चांगल्या मालात मिसळतो.

तेही चालवून घेतलं असतं. पावसाळ्याने मात्र पार वैताग आणला. केबीआर हवेतलं पाणी ओढतं आणि ३४०० व १६४० प्रति सेंमीला (आलेखाच्या आडव्या अक्षावरचे आकडे, तरंगसंख्या) पाण्याचे पट्टे उभे राहतात. पॉलिथिलीनच्या ऑक्सिडेशनमधला ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजन) गटाचा पट्टा ३४०० च्याच आसपास दिसतो. तापलेल्या पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइड निघून गेल्यावर तयार होणारे दुहेरी बंध १६०० ते १६५० मध्ये. मग दिसतंय ते बिघाडाचं की पावसाचं, सांगता येत नाही. केबीआर ११० अंशांवर २-३ तास वाळवायला ठेवावं, तर मधेच लाइन जाते.

म्हणून माझा कल एटीआरकडे. हिऱ्याच्या स्फटिकावर किरण १७०० च्या आसपास जेमतेम सव्वा मायक्रॉन आत शिरतो, म्हणजे भाजलेला थरच वाचला जातो. १७१५ चा कार्बोनिल (कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंधाचा, ऑक्सिडेशनने वाढणारा) पट्टा पॉलिथिलीनच्या स्वतःच्या १४६० च्या पट्ट्याशी ताडून बघायचा, त्याच तुकड्याच्या न भाजलेल्या बाजूशीही.

खोड्या यालाही आहेत. लेझरच्या कापाच्या कडेला वितळून आलेला कंगोरा स्फटिकाला नीट टेकत नाही, पट्टे बुटके येतात. कंगोरा टाळून लगतची सपाट जागा दाबावी, तीन ठिकाणी मोजावं. स्फटिकावरची काजळी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून बॅकग्राउंड (रिकाम्या स्फटिकाचं मोजमाप) पुन्हा घ्यावं. काळ्या नळीतल्या कार्बन ब्लॅकमुळे हिऱ्यावर बेसलाइन (आलेखाची तळरेषा) कलते, पट्टे वाकडे होतात. तिथे जर्मेनियमचा स्फटिक बरा, पण तो ठिसूळ, नमुना दाबायचा स्क्रू जपून आवळावा.

कोरड्या दिवसांत, आरपार भाजलेल्या आणि सहज कुटल्या जाणाऱ्या नमुन्याला गोळी अजूनही चालेल. फक्त दोन्ही रीतींचे कार्बोनिल निर्देशांक (वरच्या दोन पट्ट्यांचं गुणोत्तर) एका तक्त्यात घालू नका. एटीआरमध्ये किरणाची खोली तरंगलांबीनुसार बदलते, त्यामुळे तेच गुणोत्तर वेगळं येतं.