केटोस की स्किला? ग्रीक समुद्रराक्षस निवडताना

कथाकथनाला किंवा एकांकिकेला ग्रीक पुराणातला समुद्रराक्षस घ्यायचा ठरला, की निवड बहुधा केटोस आणि स्किला या दोघांपाशी येऊन थांबते. दोघंही माणसं खातात, तेव्हा कुणीही चालेल असं वाटतं. पण तसं नाही. दोन्ही गोष्टी समुद्राच्या अगदी वेगळ्या भीतीबद्दल बोलतात.

आधी केटोस. हे मुळात कुणाचं नाव नाहीच. ग्रीक भाषेत केटोस म्हणजे समुद्रातलं कुठलंही अवाढव्य जनावर: देवमासा, मोठा ट्यूना, सीलसुद्धा. होमर या ग्रीक कवीच्या ‘ओडिसी’ महाकाव्यात मेनेलाउस राजाला सीलच्या कातड्याखाली दडून बसावं लागतं. त्या घाणीची आठवण सांगताना तो म्हणतो, केटोसच्या शेजारी कोण झोपेल? त्यामुळे ‘राक्षस’ हा आपला शब्द इथे थोडा फसवतो. केटोस बोलत नाही, त्याला वर मिळालेला नसतो, मायावी रूपं तो घेत नाही. त्याला अर्थ येतो तो त्याला कुणी आणि का धाडलं यामुळे.

धाडतो समुद्राचा देव पोसायडन, आणि कारण माणसाने दिलेलं असतं. कॅसिओपिया राणीने आपण समुद्रकन्यांहून सुंदर असल्याची बढाई मारली. शिक्षा म्हणून तिची मुलगी अँड्रोमेडा खडकाला बांधली गेली. ट्रॉयच्या लाओमेडॉन राजाने पोसायडन आणि अपोलो या देवांकडून राबवून घेतलं आणि मजुरी बुडवली. तिथेही केटोस आला, आणि त्याच्यापुढे उभी केली राजाची मुलगी हेसिओनी. केटोस म्हणजे थकलेल्या देण्याची वसुली. देणं आईबापांचं, भरायचं मुलीने. मला ही गोष्ट इथे बोचते, आणि सांगणाऱ्याने ती बोचू द्यावी. हेराक्लिस या वीराने जनावर मारलं, तर लाओमेडॉनने कबूल केलेले घोडेही दिले नाहीत. मग हेराक्लिसने ट्रॉयच लुटलं.

केटोसचा मोठा फायदा हा की तो मरतो. बर्लिनमधल्या एका कोरिंथी कुंभावर अँड्रोमेडाला सोडवणारा वीर पर्सियस त्याला चक्क दगड मारताना दिसतो. लहान मुलांना हे लगेच पटतं. वर आकाशात ही सगळी मंडळी दाखवताही येतात. मराठी तारानकाशांत कॅसिओपियाची शर्मिष्ठा झाली, अँड्रोमेडाची देवयानी, पर्सियसचा ययाती आणि अँड्रोमेडाचा बाप सेफियस राजाचा वृषपर्वा. एका घराण्याचं भांडण उचलून त्या जागी दुसरं बसवलं. केटोस तेवढा तिमिंगल म्हणून जनावरच राहिला. नेमकं झालं ते.

स्किलाला कुणी धाडलेलं नाही. होमरच्या वर्णनात तिला 12 पाय, 6 लांब माना, प्रत्येक तोंडात दातांच्या 3 रांगा, आणि आवाज मात्र नुकत्याच जन्मलेल्या कुत्र्याच्या पिल्लाचा. ती गुहेत बसते आणि माना बाहेर काढून डॉल्फिन, मुशी पकडते, सापडला तर एखादा केटोसही. म्हणजे पहिल्या गोष्टीतलं संकट हे दुसऱ्या गोष्टीतलं भक्ष्य आहे! तिच्या वाटेने जाणाऱ्याने काही पाप केलेलं असायला लागत नाही. वाट तिथून जाते, एवढंच.

समोर कॅरिब्डिस, दिवसातून तीनदा पाणी गिळणारा भोवरा. आपण लगेच म्हणतो, इकडे आड तिकडे विहीर. पण त्या म्हणीत दोन्ही बाजू सारख्या. होमरच्या गोष्टीत त्या तशा नाहीत. जादूगारीण सर्सी ‘ओडिसी’च्या नायकाला, जहाजाने घरी निघालेल्या ओडिसियसला, स्पष्ट सांगते: स्किलाच्या बाजूने जा, सगळं जहाज गमावण्यापेक्षा सहा माणसं गेलेली बरी. तिच्याशी लढता येत नाही, ती अमर आहे. तरी ओडिसियस चिलखत चढवतो, दोन भाले घेऊन नाळेवर उभा राहतो. आणि खलाशांना स्किलाबद्दल एक अक्षर सांगत नाही. घाबरून वल्ही टाकतील म्हणून. मोठ्या मुलांशी बोलायला याहून चांगली जागा नाही: त्याने सांगायला हवं होतं का?

ग्रीकांनी ही जागा सिसिली आणि इटलीमधल्या मेसिनाच्या सामुद्रधुनीत मानली. तिथे अरुंद भागात जेमतेम 3 किलोमीटर पाणी आहे, आणि भरती-ओहोटीच्या प्रवाहांमुळे भोवरे खरोखर होतात. ग्रीक इतिहासकार पॉलिबियसला स्किलाच्या शिकारीत तिथली तलवारमाशाची मासेमारी दिसली.

दहा वर्षांखालची मुलं समोर असतील तर केटोस घ्या. त्याहून मोठ्यांसाठी, किंवा ग्रीकांना समुद्र कसा दिसत होता हे स्वतःला समजून घ्यायचं असेल तर मी निःसंशय स्किला म्हणेन. फक्त नंतरच्या रोमन कवी ओव्हिडची स्किला त्यात मिसळू नका. तिथे ती सर्सीच्या मत्सराने शापलेली सुंदर मुलगी आहे, आणि तो शाप आला की ‘कारण नसलेलं संकट’ हा होमरचा मुद्दाच निघून जातो. एकांकिका करणार असाल तर एक क्षण गाळू नका: सगळ्यांचे डोळे भोवऱ्याकडे लागलेले असताना सहा जण वर उचलले जातात, आणि हवेत हातपाय झाडत शेवटच्या वेळी ओडिसियसला नावाने हाक मारतात.